जुन्या चेतकचे ब्रेक घरीच करा!

बजाज चेतक १९७२ ची, आपल्या देहूशेजारच्या आकुर्डीत घडलेली. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, तेही केबलवर; म्हणूनच हे काम घरी जमतं.

गाडीला भक्कम टेकू द्या. मागचं चाक काढा, स्प्लिट पिन काढून हबचा नट सोडवा, ड्रम ओढा.

🔧 धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.
🔧 लायनर झिजले किंवा तेलकट झाले, तर दोन्ही शू बदला. आत ऑइल दिसलं, तर आधी ऑइल सील बदला.
🔧 कॅमला ग्रीस नखभरच.
🔧 बसवताना स्प्लिट पिन नवीच.

केबल ॲडजस्ट केल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, सावकाश. चाकणच्या ट्रकांमध्ये नंतर. जरा जरी शंका आली, तर मेकॅनिकला दाखवाच.