पॉइंटवरची चांदी

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपनं जुनं मशीन मोडीत काढलं की मोटर आणि केबलचे भाव घासाघीस करून ठरतात. कंट्रोल पॅनेल मात्र बऱ्याचदा लोखंडाच्या भावातच जातं. भंगारवाल्याची खरी कमाई त्या पेटीत असते.

मी बसलो होतो त्या शेडमध्ये एक गृहस्थ पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, खोलत होते. स्क्रू, झाकण, स्प्रिंग निघाली की आतून धातूच्या पट्ट्या येतात आणि पट्टीच्या टोकाला टिकलीएवढा करडा तुकडा. "हा पॉइंट. चांदी आहे." मोटर चालू-बंद होताना इथं ठिणगी पडते. नुसतं तांबं असतं तर त्यावर धरलेल्या ऑक्साइडनं वीज अडली असती. चांदी काळवंडली तरी वीज वाहू देते. ती शुद्ध नसते. पॉइंट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पूर्वी तिच्यात कॅडमियम ऑक्साइड मिसळत, आता बऱ्याचदा टिन ऑक्साइड. अँपिअर जास्त तितका पॉइंट जाड. म्हणून हे गृहस्थ आधी लेबल वाचतात, मग स्क्रूड्रायव्हर उचलतात.

पुढचं काम जुन्या सोनारकीतलं. पॉइंट शोऱ्याच्या तेजाबात टाकले की तांबूस धूर उठतो आणि पट्टीच्या तांब्यानं द्रावण निळं होतं. त्यात तांब्याची स्वच्छ पट्टी सोडली की चांदी करड्या भुग्याच्या रूपात तिच्यावर चढते. धुवायची, वाळवायची, सवागी घालून मुशीत वितळवायची. सोनाराच्या दुकानातली माती धुणारे झारेकरी असंच चिमूट-चिमूट गोळा करत आले, पण या पॉइंटमध्ये कॅडमियम असू शकतं. पॉइंट सुटावा म्हणून गॅसची ज्योत लावली की ते धुरातून थेट छातीत जातं. तोंडावरचा रुमाल त्याला अडवत नाही. हे गृहस्थ म्हणूनच ज्योत आणि तेजाब दोन्हींपासून लांब. कातरीनं टोकं कापायची आणि टंच काढून पैसे देणाऱ्या रिफायनरीला घालायची. मला यातच त्यांचं शहाणपण दिसलं. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखापार गेली, तेव्हा असा धीर धरणं सोपं नसणार.

सोन्याचं विचारलं तर हसले. टनभर जुन्या मोबाइलमध्ये साधारण तीनशे ग्रॅम सोनं असतं, म्हणजे हँडसेटमागे तीन शतांश ग्रॅम. खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी जास्त, पण फायदा टनांनी माल असणाऱ्याचा. बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनी अख्खे बोर्ड भट्टीत घालून सोन्याबरोबर चांदी, पॅलेडियम, तांबंही काढते. सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजाची बादली घेऊन बसणाऱ्याच्या हाती फक्त सोनं लागतं. उरलेलं पाणी नाल्यात, आणि चिखलीकडचे नाले इंद्रायणीला मिळतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली हजारो शेड आणि गोदामं पाडली. भंगाराचा धंदा पांगला, मालाचं येणं थांबलं नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतली पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं सुरुवातीला सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारच धातूंवर होती. चांदी त्यात नव्हती.

चाकणच्या नव्या कारखान्यांतल्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर कमी, इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह जास्त. ड्राइव्ह खोलला की ॲल्युमिनियमचं जड हीटसिंक निघतं आणि एक-दोन बोर्ड. त्यामुळे गंजलेल्या, बिनदाराच्या पेटीला हे गृहस्थ चकचकीत पेटीपेक्षा चार पैसे जास्त मोजतात. देणाऱ्याला कारण सांगत नाहीत.