तोंडाआधी हात बोलतात!

दहा महिन्यांचं बाळ आकांत मांडून बसलंय. दूध पुढे केलं, त्यानं ढकललं. बिस्किट दिलं, भिरकावलं. खुळखुळा वाजवला, तर आवाज आणखी चढला. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, तुम्हाला वाटतं दात येताहेत, आणि घरचे पुरुष मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणतात, "अगं, बघ ना त्याला काय हवंय!" जसं काही आपण बघतच नाही!

मैत्रिणींनो, गंमत अशी की बाळाला काय हवंय ते त्याला स्वतःला चांगलं ठाऊक असतं. अडतं ते सांगण्यापाशी. 'पाणी' एवढा लहानसा शब्द उच्चारायचा तरी ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो, आणि तो बसायला वेळ लागतो. हात मात्र त्याआधीच कह्यात येतात. म्हणून तर वर्षाच्या आतलं मूल 'टाटा' म्हणू शकत नाही, पण करू शकतं.

आपल्या घरांतून हे शिक्षण पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. जय बाप्पा कर, टाळ्या वाज, चांदोमामाला बोलाव, भुर्र जायचं का? आज्यांनी हे कुठल्या वर्गात शिकून घेतलं नव्हतं. फक्त यातल्या बऱ्याच खुणा आपण कौतुकासाठी करून घेतो. पाहुणे आले की बाळाकडून सगळा कार्यक्रम होतो. त्याच हातांना बाळाच्या गरजेच्या चार खुणा दिल्या तर?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिंडा ॲक्रेडोलो या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८०च्या सुमारास आपल्याच लेकीनं कोड्यात टाकलं. वर्षाची ती पोर फूल दिसलं की नाक फेंदारून हुंगल्यासारखं करी. फुलासाठी तिनं स्वतःचा 'शब्द'च तयार केला होता! पुढे सुसान गुडविन यांच्याबरोबर त्यांनी अनेक बाळांचा अभ्यास केला आणि १९९६ साली 'बेबी साइन्स' हे पुस्तक लिहिलं. जोसेफ गार्सिया यांचं लक्ष वेगळ्या घरांकडे गेलं. आईवडील बहिरे, मूल ऐकणारं. अशी मुलं बोलण्याआधीच हातांनी आपलं म्हणणं सांगत होती.

आता करायचं काय? बाळ सहा-आठ महिन्यांचं झालं, तुमच्या तोंडाकडे टक लावून बघू लागलं, की दोन-तीनच खुणा निवडा. जेवणासाठी पाची बोटं जुळवून तोंडाशी न्या, आपण घास भरवतो तशी. दुधासाठी अमेरिकेत मूठ उघडझाप करतात, धार काढल्यासारखी. आपल्याकडेही सहज समजेल. 'आणखी'साठी दोन्ही हातांची जुळवलेली बोटं एकमेकांवर टेकवायची. 'संपलं'साठी दोन्ही पंजे हलवून मोकळे दाखवायचे. पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे नेण्याची आपली जुनी खूण आहेच, पण तिचा दुसरा अर्थही सर्वांना ठाऊक असतो, तेव्हा चारचौघांत हसू होईल, याची तयारी ठेवा!

खूण करताना तो शब्द मोठ्यानं, स्पष्ट म्हणायचा. हे विसरू नका, कारण मुक्यानं केलेली खूण निम्मी वाया जाते. आणि ती त्या-त्या वेळीच करायची. दूध समोर असताना दूध, वाटी रिकामी झाली की 'संपलं'. बाळाचा हात धरून वळवू नका. त्याची खूण ओबडधोबड होणारच, ती ओळखा आणि लगेच वस्तू द्या. 'आधी खूण कर, मग दूध देते' ही जबरदस्ती तर मुळीच नको. पहिली खूण यायला महिना-दोन महिनेही लागतील. शेजारणीचं बाळ आधी करू लागलं म्हणून जीव खाली-वर करून घेऊ नका.

माझ्या भाचीनं 'बाऊ'ची खूण शिकवली होती. दुखेल तिथे पंजा ठेवायचा. लेक चौदा महिन्यांचा असताना एका रात्री रडायचा थांबेना. ओव्याचा शेक झाला, हिंग झाला, पोट चोळून झालं. तो मात्र सारखा पंजा कानावर नेत होता. सकाळी डॉक्टरांनी बॅटरीनं पाहिलं, तर कान आतून लालभडक सुजलेला. घरच्यांचं लक्ष आपलं पोटावरच होतं.

"पण अशानं मूल बोलायचं आळशी होईल!" ही शंका घरोघरी निघते. ॲक्रेडोलो आणि गुडविन यांच्या २००० सालच्या अभ्यासात शंभरावर बाळं होती. खुणांमुळे त्यांचं बोलणं लांबलं नाही. मात्र खुणांनी मूल हुशार निघतं, लवकर बोलतं, या जाहिरातींवरही भुलू नका. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० बाळं पाहिली, त्यांच्या भाषेला असा काही फायदा दिसला नाही. दिसलं ते वेगळंच. खुणा करणाऱ्या आया बाळाच्या हालचालींकडे अधिक लक्ष देऊ लागल्या होत्या. मला तर हाच फायदा मोठा वाटतो. त्यासाठी महागडी कार्डं किंवा वर्ग कशाला हवेत?

एका बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. बाळ खुणा छान करतं, म्हणून त्याचं न बोलणं नजरेआड करू नका. वर्षाचं होत आलं तरी 'बाबाबा', 'दादादा' असं बडबडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर कान तपासून घ्या. पाठीमागे ताट वाजवून घरी केलेल्या परीक्षेवर विसंबू नका. मोठ्या आवाजाला दचकणाऱ्या बाळालाही हळू बोलणं ऐकू येत नसेल. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' या वाक्यानं किती मुलांची वर्षं गेली आहेत! खरं तर पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. बेरा नावाची तपासणी बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आणि ऐकू येत नाही असं निघालंच, तर मग आपल्या या चार घरगुती खुणा पुरणार नाहीत. भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे; ती शिकायची की श्रवणयंत्र लावून बोलणं शिकवायचं की दोन्ही, ते तज्ज्ञांशी बोलून ठरवायचं.

ऐकणाऱ्या बाळाच्या खुणा शब्द येऊ लागले की आपोआप गळतात. 'पाणी' म्हणता आलं की हात कशाला शिणवायचा? तोवर एवढं करा, घरातल्या खुणा एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा आणि एक प्रत पाळणाघरातल्या मावशींना द्या. नाहीतर बाळ तिथे दिवसभर 'आणखी, आणखी' करत राहील आणि मावशी म्हणतील, "अगंबाई, टाळ्या किती छान वाजवतो!"