संशय पहिल्याच दिवशी घ्यायचा

मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर किंवा डिचोलीत पाण्याने भरलेल्या खाणीच्या खंदकात प्रेत सापडले, की पोलीस ठाण्यात सहसा अकस्मात मृत्यूची नोंद होते. पुढे खून निष्पन्न झालाच, तर पेडणे वा डिचोलीचे न्यायदंडाधिकारी खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात. तिथे आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला, की न्यायाधीश कचरले अशी कुजबुज सुरू होते. हा राग भलत्याच माणसावर निघतो. तपासाने पहिल्या दिवशी जो संशय घेतला नाही, तोच निकालाच्या दिवशी आरोपीच्या पदरात पडतो.

हणजूणचे प्रकरण पाहा. फेब्रुवारी 2008 मध्ये किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचे प्रेत मिळाले आणि ती बुडून मेल्याचे सांगण्यात आले. आई हटून बसली. दुसऱ्या शवविच्छेदनात अंगभर जखमा आढळल्या. तपास सीबीआयकडे गेला, पण तोवर किनाऱ्यावरचा पुरावा लाटांनी नेला होता. महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. 2016 मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्याच पुराव्यावर एकाला दहा वर्षांची सक्तमजुरी दिली, दुसऱ्याची सुटका कायम ठेवली.

एकाच कागदपत्रांवरून दोन न्यायालये दोन टोकांना जातात, मग संशयाला अर्थ काय, असे कोणी विचारील. अर्थ आहे. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटता कामा नये, असे बजावले. दोन न्यायालयांची खात्री तिसऱ्याने तपासली नसती, तर ती चूक दुरुस्त करायला आरोपी उरला नसता. अशाने गुन्हेगार सुटतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय न्यायाधीशाने डोळे मिटून खात्री बाळगणे हा नव्हे. साखळीची पहिली कडी पंचनाम्यातच पक्की करणे हा आहे. नाका-तोंडाशी फेस आहे का, जखमा मरणाआधीच्या की नंतरच्या, हे त्याच दिवशी पाहावे लागते.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण ती गुन्ह्याच्या खबरीला लागू होते, अकस्मात मृत्यूच्या नोंदीला नव्हे. पाण्यात सापडलेल्या प्रत्येक प्रेतासाठी गोवा सरकारने तज्ज्ञाची भेट सक्तीची केली, तर न्यायाधीशाच्या वाट्याला निदान पोलिसांचा राहून गेलेला संशय येणार नाही.