थांबून धावणारा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या फळीत शिरणाऱ्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात. चेंडू मिळताच मुसंडी मारावी, ही त्याला मिळणारी रूढ शिकवण. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लेव्हिऑन बेलने मात्र निराळी रीत अवलंबिली. चेंडू हाती येताच तो आपल्या फळीमागे क्षणभर जवळजवळ स्तब्ध राही. पुढील धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्यांना रेटीत. एखादा अधीर बचावपटू जागा सोडी आणि तेथेच वाट उघडे. मग बेल तत्क्षणी त्या फटीतून निसटे. ११ डिसेंबर २०१६ रोजी बफेलो येथे, बर्फ पडत असता, ३८ वेळा धावून त्याने २३६ यार्ड मिळविले व संघाचा विक्रम रचला.

मोबदल्याच्या वादामुळे २०१८ चा हंगाम त्याने खेळलाच नाही. २०१९ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. तेथील फळी दुबळी होती; वाट उघडण्यापूर्वीच प्रतिस्पर्धी अंगावर येत. प्रत्येक धावेमागील त्याची सरासरी केवळ ३.२ यार्ड राहिली.

वाट दिसेपर्यंत थांबणे हा धीर, दिसल्यावरही थांबणे हा संकोच. हा भेद बेलला पक्का ठाऊक होता. परंतु थांबण्यास लागणारा अवधी त्याच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता. तो पुढे उभे असलेले सहकारी मिळवून देत.