तुमची पहिली परीक्षा कोणी घेतली?

बालमित्रांनो, तुमची पहिली परीक्षा कोणती, सांगा पाहू! बालवाडीतली? अंहं! तुम्ही जन्मून जेमतेम एक मिनिट झालं होतं, तेव्हाच ती झाली. परीक्षा १० गुणांची आणि परीक्षक बहुधा प्रसूतिकक्षातल्या सिस्टर! पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते, असं आजी सांगते ना? त्याच्या कितीतरी आधी सिस्टरांनी तुमचे गुण कागदावर मांडलेले असतात, बरं का!

व्हर्जिनिया अ‍ॅपगार या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९५३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा रंग, हातापायांतला जोर आणि डिवचल्यावर बाळ रडतं का, या ५ गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. पाचव्या मिनिटाला पुन्हा तपासणी. मात्र बाळ श्वासच घेत नसेल, तर सिस्टर गुण मोजत बसत नाहीत. बाळाला कोरडं करणं, पाठ चोळणं, गरज पडली तर मास्क लावून पिशवीने हवा देणं, हे सारं पहिल्या मिनिटातच सुरू होतं.

बाळ जन्मलं म्हणजे काम संपलं असं नाही. आईचं गर्भाशय आवळून घट्ट झालं नाही, तर रक्तस्राव वाढतो आणि तिच्या जिवावर बेततं. म्हणून सिस्टर लगेच इंजेक्शन देतात आणि पोटावर हात ठेवून पुन्हा पुन्हा पाहतात. एका वेळी दोन जीव त्यांच्या हाती असतात!

माझ्या लेकीच्या वेळची गोष्ट सांगते. रात्रभर सिस्टर दर अर्ध्या तासाला पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके मोजत आणि तक्त्यावर टिंब मांडत. मला मनात वाटे, एवढं काय ते लिहायचं! बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावे लागतात. पहाटे तीनला ते खूपच कमी भरले. सिस्टरांनी मला कुशीवर वळवलं, पुन्हा मोजलं आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलावलं. शस्त्रक्रिया झाली. ती लेक आज दुसरीत आहे. त्या सिस्टरांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं!

तुम्हालाही असं काम करायचंय? मग ऐका. बारावीनंतर ३ वाट आहेत. ए.एन.एम. हा २ वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी असतो. गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई हाच शिकलेल्या असतात. जी.एन.एम. ३ वर्षांचा. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना तो करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. बाळंतपणाचं शास्त्र या तिन्हींत शिकवतात. पुढे राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. होऊन अनुभव घेतला, की १८ महिन्यांचं खास सुईणशास्त्राचं शिक्षणही आहे. भारत सरकारने २०१८ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशी शिकलेली सुईण साधं बाळंतपण स्वतः पार पाडते आणि धोका दिसताच डॉक्टरांना बोलावते. तो धोका वेळेवर ओळखणं, हीच खरी विद्या!

पालकहो, मुलगी नर्सिंगचं नाव काढते तेव्हा ‘रात्रपाळी? नको गं बाई!’ असं आपण चटकन म्हणतो. रात्रपाळी असते, दमणूकही असते, हे खरंच. पण आपल्या घरच्या बाळंतपणात मध्यरात्री कोण जागं होतं, तेही आठवून पाहा.

आणि मुलांनो, आजचा गृहपाठ! घड्याळ लावून आईची नाडी एक मिनिट मोजा. आकडा वहीत नीट लिहा. उद्या त्याच वेळी पुन्हा मोजा. मोजताना आईला हळूच विचारा, “मी जन्मले, तेव्हा मला पहिल्यांदा हातात कोणी घेतलं गं?” नाव आठवलं, तर तेही त्या आकड्याखाली लिहून ठेवा.