गोष्टींतून भूमीची ओळख

निसर्गावर प्रेम करावें असा उपदेश लहान मुलास कितीही केला, तरी तेवढ्यानें तें प्रेम उत्पन्न होत नाहीं. पांच-सहा वर्षांच्या मुलाला उपदेशाचा कंटाळा येतो. गोष्टीचा येत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांनीं हें फार पूर्वीं ओळखलें. निदान ५०,००० वर्षें हे लोक त्या खंडांत राहत आले आहेत. १७८८ सालीं इंग्रजांनीं तेथें पहिली वसाहत केली, तेव्हां त्यांच्यांत २५० हून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. ग्रंथ मात्र नव्हते. पाणी कोठें मिळेल, कोणतें फळ केव्हां पिकेल, कोणत्या स्थळाचा मान राखावा, हें सारें ज्ञान वडीलधाऱ्यांनीं कथा, गीतें आणि नृत्यें यांच्या द्वारें मुलांच्या हवालीं केलें.

व्हिक्टोरिया प्रांताच्या गिप्सलँड भागांतील गुनाइकुर्नाइ लोकांची टिडालिक नांवाच्या बेडकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. ह्या अजस्र बेडकानें एकदां सर्व नद्या व तळीं पिऊन टाकलीं. प्राणी तहानेनें व्याकुळ झाले. बेडकाला हसविल्यावांचून पाणी सुटणार नाहीं, असें ठरलें. एकामागून एक साऱ्यांनीं नाना चाळे केले; बेडूक ढिम्म! अखेर वाम मासा अंगाला वेढे देत वेडावांकडा नाचूं लागला, तेव्हां टिडालिकाला हसूं आवरेना, आणि त्याच्या तोंडांतून पाण्याचे लोट वाहूं लागले.

गोष्ट संपतांच तात्पर्य विचारण्याची घाई करूं नये. पाणी एकट्याचें नव्हे, हें हसतां हसतां मुलाला उमगलेलेंच असतें. तें विचारील तें निराळेंच: "असा बेडूक खरोखर असतो काय?" तेव्हां सांगावें कीं, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांत पावसाचें पाणी शरीरांत सांठवून जमिनींत दडून बसणारा एक लहानसा बेडूक आहे, आणि दुष्काळांत तेथील लोक तो उकरून काढून त्याचें पाणी पीत असत.

न्यू साऊथ वेल्समधील कामिलराय लोक तर आकाशाचाही असाच उपयोग करतात. आकाशगंगेंतील काळोख्या पट्ट्यांत त्यांना एमू, म्हणजे शहामृगासारखा न उडणारा पक्षी, दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत तो धांवत असल्यासारखा भासतो. तो एमूंच्या जोड्या जुळण्याचा काळ. जून-जुलैंत तो घरट्यावर बसलेला वाटतो; तेव्हां रानांत अंडीं मिळतात. वर पाहून खालचें रान वाचावयास मूल असें शिकतें.

ही परंपरा सुखासुखी टिकलेली नाहीं. सुमारें १९१० पासून १९७० पर्यंत सरकारी धोरणानें हजारों मुलें आईबापांपासून हिरावून संस्थांत व गोऱ्या कुटुंबांत वाढविण्यांत आलीं. पुष्कळांना आपली भाषा बोलण्याचीही मनाई होती. गोष्ट सांगणारी आजी एकीकडे, ऐकणारें नातवंड दुसरीकडे! १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं पार्लमेंटांत याबद्दल क्षमा मागितली. परंतु तुटलेला धागा केवळ क्षमेनें जुळत नाहीं. आज तेथील वडीलधारीं माणसें मुलांना पुन्हां गोष्टी सांगून तो जोडीत आहेत.

म्हणून ही गोष्ट सांगतांना "एक होता बेडूक" एवढ्यावर थांबूं नये. ती कोणत्या लोकांची, कोणत्या भूमीची, हें नांवानिशीं सांगावें. ते लोक आजही नांदत आहेत, हेंही सांगावें. त्यांच्या कांहीं कथा ठराविक माणसांनींच सांगावयाच्या असतात. सर्वांसाठीं ज्या त्यांनीं मोकळ्या केल्या आहेत, तेवढ्याच घ्याव्या. मग मुलाला विचारावें, आपल्या घरचें पाणी कोणत्या नदीचें? पुष्कळ शहरी घरांत ह्या प्रश्नाचें उत्तर मुलाआधीं वडिलांनाच शोधावें लागेल.