एक्स-रेमध्ये न उमटणारी कूर्चा
हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आवरण म्हणजे कूर्चा. ती मुख्यतः पाण्याची बनलेली असल्याने एक्स-रेमध्ये उमटत नाही, आणि रुग्णाला उभे करून काढलेल्या चित्रात दोन हाडांमधील अंतर घटलेले दिसले तरच तिच्या झिजेचा अंदाज बांधता येतो. एमआरआयमध्ये मात्र, विशेषतः चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या प्रतिमांत, कूर्चेच्या भेगेत शिरलेला सांध्यातील द्रव उजळ रेघ होऊन दिसतो व इजेची खोली कळते. गुडघ्याच्या वाटीसाठी आउटरब्रिज यांनी १९६१ मध्ये मांडलेली प्रतवारी सुधारित रूपात आजही वापरात आहे: पहिल्या प्रतीत कूर्चा नुसती मऊ पडते, तर चौथीत खालचे हाड उघडे पडते. ही पहिली प्रत एमआरआयमध्येही निसटू शकते, त्यामुळे अहवाल निर्दोष येऊनही दुखणे टिकल्यास क्वचित सांध्यात दुर्बीण घालून कूर्चा प्रत्यक्ष पाहावी लागते.